नोंद पडली की जाग

वर्षातले एकसष्ट दिवस जो धंदा झोपतो, त्याच्यासाठी बारा महिने चोवीस तास सर्व्हर जागा कशाला ठेवायचा? हा माझ्या लेकीचा प्रश्न. आणि ज्याला झोपायचीच सवय, त्याच्यावर पहाटे चारचा धंदा सोपवायचा कसा? हा माझ्या भावाचा. ज्यांचा धंदा ते माझे दीर दोघांच्या मधे बसून पेजेबरोबर सुकटीची किसमूर खात होते.

गोष्ट जुलैतली आहे. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. खारीवाड्याच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, वर पाऊस, आणि वास्कोच्या घराघरांत खारे बांगडे. दीर जेटीवर ट्रॉलरवाल्यांकडून मासळी घेतात आणि हॉटेलांना, गावोगावच्या विक्रेत्यांना पाठवतात. हिशेब आजवर वहीत होता, आणि वहीतला हिशेब गिऱ्हाइकांना फोनवर सांगायला एक जाणता माणूस होता. तो मे महिन्यात गावी गेला आणि आता यायचा नाही म्हणाला. दिरांचं मागणं साधं होतं. काट्यावर वजनाची नोंद झाली की ज्याचा माल त्याला निरोप जावा, शिल्लक कमी व्हावी, उधारीत रक्कम चढावी. मधे माणूस नको.

लेक मांगोर हिलवरच्या आमच्या घरात बसून बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहिते. भाऊ डिचोलीचा, तीसेक वर्षं खाणीच्या काट्यावर काढलेला. ट्रक भरून आला की ग्रॉस, रिकामा असताना टेअर, वजाबाकी केली की नेट, आणि त्यावर ट्रिप शीट. काट्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा इतरांनी नाकं मुरडली. दादा पुस्तकं आणून डेटाबेस शिकला. म्हणजे हा वाद जाणकार आणि अडाणी यांच्यातला नव्हता. तसा असता तर पेज संपायच्या आत मिटला असता.

"सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नाहीच?" दिरांनी विचारलं.

"असतो. आपला नसतो," दादा म्हणाला. "नाव ठेवणाऱ्याने थाप मारली आहे."

"नाव वाईट आहे, मान्य," लेक म्हणाली. "पण काम बघा, काका. फंक्शन म्हणजे एकच काम येणारा छोटा प्रोग्राम. तो झोपलेला असतो. डेटाबेसच्या टेबलात ओळ पडली, बदलली किंवा पुसली गेली की त्याला हाक जाते. उठतो, आपलं काम करतो, परत झोपतो. जागा होता तेवढ्याच वेळाचे पैसे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४मध्ये अशी फंक्शनं चालवणारं लॅम्डा जाहीर केलं तेव्हा शंभर-शंभर मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांत हिशेब होता. डिसेंबर २०२०पासून एकेक मिलिसेकंद मोजतात. महिन्याला पहिल्या दहा लाख हाका फुकट. तुमच्या भर मोसमात दिवसाला चारशे नोंदी होतात ना? एका नोंदीला तीन फंक्शनं उठली तरी महिन्याला छत्तीस हजार. जून-जुलैत शून्य."

"फुकट ते फंक्शन," दादाने बोट वर केलं. "टेबलाचे पैसे वेगळे, निरोपाचे वेगळे, कोण कधी उठला-झोपला ते लिहून ठेवायचे वेगळे. बिलात सतरा ओळी. माझं म्हणणं ऐका. एक लहानसं मशीन भाड्याने घ्या, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस टाका, दर मिनिटाला नवीन ओळी बघणारा एक प्रोग्राम ठेवा. महिन्याचं भाडं ठरलेलं. बिघडलं तर उघडून बघता येतं."

"उघडून बघणार कोण?"

"मी."

"डिचोलीहून? पहाटे चारला?"

दादाने पेजेचं ताट उचलून तोंडाला लावलं. ही त्याची वेळ काढायची जुनी रीत आहे.

मग लेकीने मर्मावर बोट ठेवलं, मला जरा लागलंच. "मामा, सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तुझा काट्याच्या खोलीतला सर्व्हर काय करत होता?"

मला ती खोली आठवते. डिचोलीच्या रस्त्यावर एरवी लाल धुळीने माणसाचा चेहरा ओळखू यायचा नाही, इतके ट्रक. ते एका आठवड्यात गेले. काट्याच्या खोलीत मात्र एसी चालू, यूपीएसचा हिरवा दिवा चालू, आणि सर्व्हर घुंई करत रिकाम्या काट्याची वाट बघत होता. दादा रोज जायचा, फडक्याने पुसून यायचा. वजन करायला काही नव्हतं. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. पुढे न्यायालयानेच ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा सगळं ठप्प. पुन्हा फडकं.

"वीज खात होता," दादा म्हणाला. "तेच म्हणायचंय ना तुला? पण जुना हिशेब विचारायला माणसं आली तेव्हा एकूण एक ट्रिप त्याच्यावर जागच्या जागी होती."

"ती इथेही असेल. फंक्शन झोपतं, टेबल झोपत नाही. नोंदी मुंबईत राहतात, तिथे २०१६पासून ॲमेझॉनची डेटा सेंटरं आहेत. झोपतो तो फक्त कारकून."

"आणि जमीन कोणाची?" दादाने ताट खाली ठेवलं. "बाय, तू काकांना मुंडकार करून ठेवते आहेस. घर आपण बांधायचं, भाट भाटकाराचं. टेबल त्यांचं, हाक मारायची पद्धत त्यांची, फंक्शन लिहायची रीत त्यांची. उद्या त्यांनी भाव वाढवला तर घर उचलून नेता येतं का? मुंडकाराला निदान १९७५चा कायदा आहे. तुझ्या काकांना कुठला?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. आमच्याकडे या दोन शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं उभी आहेत. हा शब्द पडल्यावर दिरांनी पहिल्यांदा हातातला घास थांबवला.

लेकीने हे उडवून लावलं नाही. "खरं आहे. म्हणून हिशेबाचं गणित मी वेगळं लिहीन, आणि ॲमेझॉनशी बोलणारा भाग पातळ ठेवीन. घर हलवायचं झालं तर भिंती जातील, भांडीकुंडी वाचतील. पण मामा, तुझ्या भाड्याच्या मशीनचा मालकही भाटकारच ना? शिवाय तिथे कौलं आपण शाकारायची. दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या, बॅकअप, डिस्क भरली का ते बघणं."

इथवर हा वाद कुठल्याही कचेरीत ऐकू येईल असाच होता. मला त्यात रस आला तो दादाने ट्रिगरची गोष्ट काढली तेव्हा.

"डेटाबेसात ओळ पडली की आपोआप काही व्हावं, ही काही तुमच्या पिढीची कल्पना नाही," तो म्हणाला. "ऑरॅकलमध्ये १९९२पासून ट्रिगर आहेत. मीही लिहिला होता. ट्रिपची ओळ पडली की परमिटमधून टन वजा, आणि तशीच ओळ पणजीच्या ऑफिसच्या डेटाबेसात. मोठा खूश होतो. एका पावसाळ्यात फोनची लाइन गेली. पणजीला ओळ पडेना. पणजीला पडेना म्हणून ट्रिगर फसला, ट्रिगर फसला म्हणून माझ्याकडची ओळही पडेना. काट्यावर ट्रक उभा, त्याच्या मागे चाळीस ट्रक, सगळ्यांचे भोंगे. आणि मी आत. साहेबांनी विचारलं, लाइन पणजीची गेली, काटा डिचोलीचा का थांबला? माझ्याकडे उत्तर नव्हतं."

"उत्तर हेच, की तू नोंद आणि निरोप एकाच गाठीत बांधलेस," लेक पुढे सरसावली. तिच्या आवाजात आता वादाची धार नव्हती. "नोंद आधी पक्की व्हायला हवी. निरोप नंतर, वेगळा. निरोप अडला तरी काटा चालू."

"ते मला त्या दिवशी कळलं. पण 'नंतर' म्हणजे कोणी बघून? ट्रिगर काढला तर पणजीला कळवायचं राहिलंय हे लक्षात कोण ठेवणार?"

"रोजकीर्द."

दादा हसला. आमचे वडील दुकानाची रोजकीर्द लिहीत. दिवसभर जे घडेल ते त्याच क्रमाने, खाडाखोड न करता रोजकीर्दीत, आणि रात्री त्यावरून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. डेटाबेसही अगदी असंच वागतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. पोस्टग्रेस टेबलात बदल करण्याआधी तो बदल एका लॉगमध्ये लिहितो. वीज गेली तर त्या लॉगवरूनच तो स्वतःला सावरतो. मायएसक्यूएलचा बिनलॉगही बदलांची अशीच वही. डेबेझियमसारखी अवजारं या लॉगवर नजर ठेवतात आणि पडलेली प्रत्येक ओळ पुढे सांगतात. मूळ टेबलाला धक्का लागत नाही, काट्यावरच्या माणसाला थांबावं लागत नाही. लेक जे टेबल वापरायचं म्हणत होती त्या डायनॅमोडीबीमध्ये या बदलांच्या वहीला स्ट्रीम म्हणतात, आणि त्यातली नोंद २४ तास राहते.

"फक्त २४ तास?" दादा लगेच म्हणाला. "रोजकीर्द दुसऱ्या दिवशी फाडून टाकणारा वाणी मी पाहिला नाही."

"मूळ नोंद टेबलात कायम असते. बदलाची बातमी तेवढी चोवीस तास. तेवढ्यात फंक्शनने ती उचलली पाहिजे."

"आणि उचलताना फसली तर?"

"परत उचलतं."

"परत फसली तर?"

लेक जरा थांबली. "परत. ठरवून दिलं नाही तर ती बातमी शिळी होईपर्यंत तेच. आणि तिच्या रांगेत मागे असलेल्या सगळ्या थांबतात."

"म्हणजे काट्यावर पंक्चर झालेला ट्रक."

"हो."

"चोवीस तास."

"हो, मामा. पण यावर उपाय आहे. किती वेळा प्रयत्न करायचा ते बांधून द्यायचं. तीनदा फसली की ती बातमी बाजूच्या रांगेत काढायची आणि मागच्यांना वाट द्यायची."

"आमच्याकडेही काट्याच्या अलीकडे एक खाच होती, ट्रक बाजूला घ्यायला. पण खाचेत घेतलेल्या ट्रकाकडे बघणारा माणूस लागतो. तुझ्या बाजूच्या रांगेकडे कोण बघतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या दुपारी मिळालं नाही. मीही ते विसरले.

चहा झाल्यावर लेकीने स्वतःहून एक कबुली दिली, जी तिने आजवर मलाही दिली नव्हती. आधीच्या नोकरीत तिने लिहिलेलं फंक्शन ओळ बघून निरोप पाठवायचं आणि त्याच ओळीत 'निरोप गेला' असं वेळेसकट लिहायचं. ते लिहिणं हाही टेबलातला बदल. बदल झाला म्हणून पुन्हा हाक. पुन्हा निरोप, पुन्हा नवी वेळ, पुन्हा हाक. ती रात्री झोपली, फंक्शन झोपलंच नाही. सुदैवाने चाचणीचं खातं होतं, निरोप कोणाला गेले नाहीत. बिल मात्र आलं. "२०२३पासून रांगांमधून फिरणारे असे फेरे ॲमेझॉन स्वतः ओळखून तोडतं," ती म्हणाली. "टेबलावरचा पहारा मात्र आपणच ठेवायचा. कुठल्या बदलाला उठायचं आणि कुठल्याला नाही, ते आधीच गाळून द्यायचं."

"ठरलेल्या भाड्याच्या मशीनवर हेच झालं असतं तर?" दादाने विचारलं.

"मशीन हँग झालं असतं."

"आणि बिल?"

"तेवढंच."

दादा काही बोलला नाही. एवढा सज्जनपणा त्याच्यात क्वचित दिसतो.

पण त्याने आणखी एक पत्ता राखून ठेवला होता. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका गटाने चित्र-आवाजाची तपासणी करणारी आपली यंत्रणा आधी सर्व्हरलेस तुकड्यांत बांधली होती, नंतर ती एकत्र करून नेहमीच्या सर्व्हरांवर नेली आणि खर्च ९० टक्क्यांहून अधिक उतरल्याचं २०२३मध्ये त्यांनीच जाहीर केलं. "घरच्यांनाच परवडत नाही," दादा म्हणाला. लेकीचं उत्तर एका वाक्यात आलं. तिथे प्रवाह सेकंदालाही थांबत नाही, इथे सकाळी दहानंतर काटा धुऊन ठेवतात. मला ते पटलं. सतत वाहणाऱ्या कामाला जागा सर्व्हर स्वस्त, थांबून थांबून येणाऱ्याला झोपणारं फंक्शन. मासळीचा धंदा दुसऱ्या जातीचा आहे.

खरी कसोटी लागली ती अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर. दिरांचा पोरगा काट्यावर वजन मोबाइलमध्ये टाकणार. पहाट, पाऊस, बर्फाचं पाणी, बोटं ओली. बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, नेटवर्क गेलं. पोरगा काय करणार? पुन्हा दाबणार. चाळीस किलो इसवण दोनदा चढणार, हॉटेलाला दोन निरोप आणि उधारीत दुप्पट रक्कम.

"शिवाय पोराने एकदाच दाबलं तरी फंक्शनपर्यंत बातमी किमान एकदा पोहोचते, एवढीच हमी असते," लेक म्हणाली. "कधी दोनदाही पोहोचते. तेव्हा तेच काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच दिसला पाहिजे, असं लिहावं लागतं."

"त्याला आम्ही ट्रिप शीटचा नंबर म्हणायचो," दादा म्हणाला. "एकच ट्रक दिवसातून सहा वेळा काट्यावर यायचा. ट्रकच्या नंबरावरून काय कळणार? वजनही जवळजवळ सारखंच. शीटचा नंबर मात्र छापील, एकदाच वापरायचा. तो नंबर दुसऱ्यांदा आला की ट्रक बाजूला."

मग दोघं कागद घेऊन बसली. पावतीपुस्तक छापून घ्यायचं, तीन प्रतींचं, क्रमांक छापील. पोराने आधी पावती लिहायची, मग तो क्रमांक मोबाइलमध्ये. टेबलात ओळीची ओळख तोच क्रमांक. दुसऱ्यांदा दाबलं तर त्याच क्रमांकाची तीच ओळ तशीच्या तशी पुन्हा लिहिली जाईल. आणि लिहून काहीच बदललं नाही तर डायनॅमोडीबी स्ट्रीममध्ये बातमीच टाकत नाही. लेक खुर्चीत मागे रेलली. झालं.

"तशीच्या तशी?" दादाने कागद स्वतःकडे ओढला. त्यावर तिने रकाने आखले होते: क्रमांक, मासळी, क्रेट, किलो, गिऱ्हाईक, दर, वेळ. दादाने शेवटच्या रकान्यावर नख टेकवलं. "ही वेळ कुठली?"

"बटण दाबल्याची."

"मग दुसऱ्यांदा दाबल्यावर वेगळी नाही का पडणार?"

लेक कागदाकडे बघत राहिली. वेळ वेगळी म्हणजे ओळ बदलली, ओळ बदलली म्हणजे बातमी, बातमी म्हणजे दुसरा निरोप. तिने 'वेळ' खोडलं आणि लिहिलं, 'क्रमांक आधी असेल तर लिहायचंच नाही'. अशी अट घालता येते, टेबल स्वतः ती पाळतं. फंक्शनच्या बाजूनेही तीच खबरदारी: उधारीत रक्कम चढवताना पावतीचा क्रमांक सोबत नोंदवायचा आणि तो आधीच असेल तर हात लावायचा नाही.

निरोपाला मात्र अशी पक्की अट घालता येत नाही. निरोप गेला आणि 'गेला' असं लिहायच्या आत फंक्शन कोसळलं, तर पुन्हा उठल्यावर ते निरोप पुन्हा पाठवणार. उलट क्रम लावला तर निरोप न जाताच 'गेला' लिहिलेलं राहील. दोन्हीपैकी एक चूक निवडावी लागते. दिरांनी क्षणात निवडली. "दोनदा गेला तर हॉटेलवाला शिवी देईल. गेलाच नाही तर दुसऱ्याकडून माल घेईल. दोनदा जाऊ दे. फक्त पावतीचा नंबर निरोपात घाला, म्हणजे तोच आहे हे त्याला कळेल." इतका वेळ गप्प बसलेल्या माणसाने ज्या सहजतेने हे सोडवलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

अंधार पडायच्या आत दादाला पणजीमार्गे डिचोलीची कदंबा बस धरायची होती. निघताना तो हरल्यासारखा दिसत नव्हता आणि पटल्यासारखाही नाही. दारात छत्री उघडताना एवढंच म्हणाला, "भाटकाराला बिलाची मर्यादा घालून ठेव. ओलांडली की तुला कळलं पाहिजे." लेकीने ते लगेच लिहून घेतलं.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रॉलर नीट सुरू झाले. वास्कोत दामोदर सप्ताहाची गडबड, फेरीतल्या दुकानांचे मांडव रस्त्याच्या दोन्ही कडांना, माणसांतून वाट काढायची सोय नाही. दिरांकडे पावतीपुस्तकं आली होती, प्रती पांढरी, गुलाबी, पिवळी. पोरगा पहिल्याच दिवशी दोनदा दाबायला लागला. निरोप एकेकच जात होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास मी चहा ठेवत होते, तेव्हा लेकीच्या खोलीतून तिचा फोन वाजल्याचा आवाज आला नाही, याचंच मला बरं वाटलं. सकाळी दीर घरी आले ते हसतच. पोराने बांगड्याच्या ओळीत किलो रिकामे सोडून नुसते वीस क्रेट लिहिले होते. फंक्शन तीनदा उठलं, तीनदा फसलं, आणि ओळ बाजूच्या रांगेत गेली. मागच्या इसवणीचे निरोप वेळेवर पोहोचले.

"मग बांगड्याचं काय झालं?" मी विचारलं.

बाजूच्या रांगेत काही पडलं की कळवायला लेकीने एक नंबर घालून ठेवला होता. तिचा नव्हता. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी जेटीवर पोराचा फोन वाजला होता, डिचोलीहून.

"गुलाबी प्रत बघ," दादा त्याला म्हणाला होता. "किलो किती लिहिलेत?"